पूर्ण पॅक बदलायला सांगितलाय, पण नेमकं गेलंय काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी विजेवरची, नऊ वर्षांची, बॅटरीची आठ वर्षांची वॉरंटी मागच्या वर्षी संपली. रेंज दरवर्षी थोडी थोडी कमी होत होती आणि त्याची सवयही झाली होती. पण गेल्या दोन महिन्यांत ती १९० किलोमीटरवरून एकदम ११०वर आली आणि चढावर गाडी मधेच दम सोडते. सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावून ‘पूर्ण पॅक’, म्हणजे गाडी चालवणारी सगळी मोठी बॅटरी, ‘बदलावा लागेल’ असं सांगितलं. त्यासाठी लागणारा खर्च गाडीच्या आजच्या किमतीहून जास्त आहे. बॅटरी एवढी महाग का, आणि गाडी आता भंगारात द्यायची का, असं तुम्ही विचारताय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: अजून नाही. गेली बारा वर्षं मी हेच काम करते, पॅक उघडते, तपासते, दुरुस्त करते. तुमच्या वर्णनातला ‘एकदम’ हा शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वयाने थकलेली बॅटरी अशी वागत नाही.

लिथियम-आयन सेल, म्हणजे बॅटरीचा सगळ्यात छोटा घटक, म्हातारा होतो तो सावकाश. चार्जिंग होताना लिथियमचे आयन ग्राफाइटमध्ये शिरतात आणि त्या ग्राफाइटवर एक पातळ थर साचत जातो. थर जाड होतो तसं थोडं थोडं लिथियम त्यात कायमचं अडकतं. पहिल्या वर्षा-दीड वर्षात ही घट जरा जास्त दिसते, मग वेग मंदावतो. चांगलं कूलिंग असलेल्या गाड्यांमध्ये वर्षाला साधारण दोन टक्क्यांच्या आसपास क्षमता जाते. उष्णता, गाडी कायम १०० टक्के भरून उभी ठेवणं आणि कडाक्याच्या थंडीत केलेलं फास्ट चार्जिंग यांनी हा वेग वाढतो. तरीही घट महिन्यांमध्ये नाही, वर्षांमध्ये मोजावी लागते. दोन महिन्यांत चाळीस टक्के रेंज गेली असेल, तर सगळे सेल एकाच वेळी थकले असण्याची शक्यता फार कमी. त्यातला एखादाच आजारी पडला असावा आणि त्याने बाकीच्यांना अडवून धरलं असावं.

हे कसं होतं ते समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. पॅक म्हणजे एक अखंड ठोकळा नाही. सेल मिळून मॉड्यूल होतं, मॉड्यूल मिळून पॅक. निस्सान लीफ या विजेवरच्या गाडीच्या पहिल्या पिढीत २४ किलोवॉट-अवरचा, म्हणजे २४ युनिट वीज साठवणारा पॅक होता. त्यात ४८ मॉड्यूल आणि प्रत्येकात चार सेल, असे एकूण १९२ सेल. दोन-दोन सेल समांतर जोडून ९६ जोड्या केलेल्या आणि त्या ९६ जोड्या एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये. टेस्ला मॉडेल एसच्या ८५ किलोवॉट-अवरच्या पॅकमध्ये बोटाएवढे ७,१०४ सेल होते. ते १६ मॉड्यूलमध्ये विभागलेले, आणि तिथेही ९६ गट सिरीजमध्ये.

सिरीजमध्ये प्रत्येक गटातून तोच प्रवाह वाहतो. चालणाऱ्यांच्या तांड्याचा मुक्काम जसा सगळ्यात दमलेल्या माणसावर ठरतो, तसं इथे होतं. समजा ९६ पैकी एका गटाची क्षमता निम्म्यावर आली. गाडी चालवताना तो गट सगळ्यांच्या आधी रिकामा होतो. त्याचा व्होल्टेज ठरलेल्या खालच्या मर्यादेला टेकला की बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा, म्हणजे बीएमएस, सगळा पॅक रिकामा झाला असं धरून ताकद कमी करते. तिला तसं करावंच लागतं, कारण त्याखाली गेलेला सेल कायमचा खराब होतो आणि पुन्हा चार्ज करताना धोकादायक ठरू शकतो. उरलेल्या ९५ गटांत वीज शिल्लक असते, पण ती वापरता येत नाही. चढावर जास्त प्रवाह लागतो, तेव्हा त्या एका गटाचा व्होल्टेज झपकन खाली बसतो आणि गाडी दम सोडते. बरेचदा चार्जिंगलाही हाच गट आधी भरतो आणि चार्जिंग लवकर थांबतं. म्हणजे पॅक दोन्ही टोकांनी आखडतो. तुमची दोन्ही लक्षणं या चित्रात बसतात.

मग सर्व्हिस सेंटरने पूर्ण पॅक का सांगितला? त्यांना दोष देण्याआधी त्यांची अडचण समजून घ्या. अनेक कंपन्यांच्या सुट्या भागांच्या यादीत मॉड्यूल हा वेगळा भाग नसतोच. यादीत असतो तो पॅक. उच्च विद्युतदाबाचा पॅक उघडायचं प्रशिक्षण, जागा आणि साधनं प्रत्येक केंद्रात नसतात, आणि उघडल्यावर जबाबदारी कोणाची हा प्रश्न उरतो. त्यामुळे स्कॅनरवर सेलच्या व्होल्टेजमधल्या तफावतीचा कोड आला की ठरलेली कार्यपद्धती सांगते ‘पॅक बदला’. तो कोड खरा असतो. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र दुरुस्तीच्या सोयीने ठरलेला असतो, आणि तिथेच तुमचे पैसे जातात. माझ्या कामाच्या सगळ्या वर्षांत लोकांचं सगळ्यात मोठं नुकसान मी याच एका जागी होताना पाहिलं आहे: निदान न मागता किंमत मागितली गेली.

आता किंमत एवढी का ते सांगते. पॅकच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा सेलचा, आणि सेलमध्ये कॅथोडचा, म्हणजे धन टोकाचा. त्यातच लिथियम, निकेल, कोबाल्टसारखे महाग धातू असतात. ब्लूमबर्ग-एनईएफ ही ऊर्जाक्षेत्राचा अभ्यास करणारी संस्था दरवर्षी पॅकच्या किमतींचं सर्वेक्षण करते. २०१०च्या सुमारास एक किलोवॉट-अवरला हजार डॉलरच्या वर पडायचे. २०२२मध्ये कच्चा माल महागल्यामुळे किमती थोड्या वाढल्या, नंतर पुन्हा घसरल्या आणि २०२४मध्ये विजेवरच्या गाड्यांच्या पॅकची जागतिक सरासरी पहिल्यांदाच १०० डॉलरच्या खाली, ९७ डॉलरवर आली. या हिशोबाने ४० किलोवॉट-अवरचा पॅक चार हजार डॉलरच्या आतच यायला हवा. लोक हा आकडा वाचतात, मग हातात कोटेशन पडतं आणि फसवणूक झाल्यासारखं वाटतं.

पण तो आकडा कारखान्याचा आहे. गाडी बनवणारी कंपनी लाखो नगांची मागणी नोंदवते, तेव्हाचा तो घाऊक दर. तुम्हाला हवा आहे एक नग, आणि तोही नऊ वर्षांपूर्वीच्या मॉडेलचा. या नऊ वर्षांत सेलचे आकार बदलले, रसायन बदललं. जुन्या आकाराचा सेल आता फक्त दुरुस्तीसाठी थोडक्या संख्येने बनवावा लागतो, म्हणून स्वस्ताईचा फायदा त्याच्यापर्यंत पोचत नाही. पूर्वी बनवून ठेवायचा म्हटलं तर गोदामातही बॅटरीचं वय वाढतच असतं. ती अर्धवट चार्जवर, योग्य तापमानात ठेवावी लागते आणि अधूनमधून तपासावी लागते. बंपर वीस वर्षं फडताळात ठेवता येतो, पॅक नाही. त्यात वाहतूक. लिथियम बॅटऱ्या नवव्या वर्गातला धोकादायक माल म्हणून नोंदलेल्या आहेत. तीनशे-चारशे किलोचा पॅक खास पेटीत, खास कागदपत्रांसह पाठवावा लागतो. शेवटी प्रशिक्षित माणसांची मजुरी आणि नव्या पॅकची गाडीच्या सॉफ्टवेअरशी ओळख करून देण्याचं काम. हे सगळं मिळवलं की कारखान्याच्या दराची दुप्पट किंवा त्याहून जास्त रक्कम होणं आश्चर्याचं नाही. त्यातला किती भाग खरा खर्च आणि किती नफा हे बाहेरून कळत नाही, म्हणून कोटेशनमध्ये पॅक, मजुरी, वाहतूक आणि प्रोग्रॅमिंग वेगवेगळं लिहून मागा.

तुमच्या गाडीकडे येते. तीन-चार गोष्टी तपासल्याशिवाय पॅकबद्दल काहीही ठरवू नका.

सर्वात साधी गोष्ट म्हणजे छोटी १२ व्होल्टची बॅटरी. जवळजवळ प्रत्येक विजेवरच्या गाडीत ती असते आणि बीएमएससकट सगळी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तिच्यावर चालते. ती कमजोर झाली की डॅशबोर्डवर इतके विचित्र इशारे येतात की मोठा पॅकच गेला असं वाटावं. तुमच्या लक्षणांचं ते मुख्य कारण वाटत नाही, पण नवव्या वर्षी ती न तपासणं चूक ठरेल. गाडी सुरूच होत नसेल तर मी पहिला मीटर तिलाच लावते.

मग खरा अहवाल. प्रत्येक सेलगटाचा व्होल्टेज तीन वेळा नोंदवून घ्या: पूर्ण चार्जनंतर तासभर उभी असताना, साधारण वीस टक्के चार्जवर उभी असताना, आणि तेवढ्याच चार्जवर गाडी चालवत जोरात वेग वाढवताना. उभ्या गाडीत सगळे गट एकमेकांपासून वीस-तीस मिलिव्होल्टच्या आत असतील आणि भार आला की एखादाच शेकडो मिलिव्होल्टने खाली पडत असेल, तर दोष त्या गटात आहे किंवा त्याच्या जोडणीत. हा ‘किंवा’ फार मोलाचा आहे. माझ्याकडे एक गाडी आली होती, तिलाही पॅक बदलायला सांगितलं होतं. उघडल्यावर दिसलं, दोन मॉड्यूल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्टीचा बोल्ट सैल होता आणि त्याखाली काळपट थर चढला होता. तिथला रोध वाढल्यामुळे शेजारचा गट कमजोर दिसत होता. पट्टी घासली, नवा बोल्ट ठरल्या टॉर्कने आवळला. सेल ठणठणीत होते. दुसऱ्या एका गाडीत व्होल्टेज मोजणाऱ्या बारीक वायरच्या कनेक्टरला गंज होता, म्हणजे सेल बरोबर आणि मोजमाप चुकीचं. सगळ्याच गाड्या अशा निघत नाहीत, पण निघतात, आणि न उघडता ते कळत नाही.

इन्सुलेशनचा रोधही मोजून घ्या, म्हणजे पॅकमधली वीज गाडीच्या सांगाड्यात झिरपत नाही ना ते कळेल. आणि जुने स्कॅन मागा, हे मी जोर देऊन सांगते. वॉरंटी चालू असताना गाडी सर्व्हिसला गेली असेलच. त्या वेळच्या नोंदींत हाच गट मागे पडताना दिसत असेल, तर दोष वॉरंटीच्या काळातच सुरू झाला होता असं तुम्ही कंपनीला कागदावर दाखवू शकता. अशा वेळी मुदत संपल्यावरही खर्चाचा काही वाटा कंपनीने उचलल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. हक्क म्हणून नाही, विनंती म्हणून, पण लेखी विनंती. सोबत चासी नंबर टाकून तुमच्या गाडीवर रिकॉल आहे का ते बघा. शेव्रोले बोल्टच्या बाबतीत सेल बनवतानाच्या दोषामुळे आग लागण्याचा धोका निघाला आणि २०२०-२१मध्ये एक लाखाहून जास्त गाड्या परत बोलावून दोषी मॉड्यूल किंवा पॅक मालकाला भुर्दंड न पडता बदलले गेले. सुरक्षेच्या दोषाचं रिकॉल वॉरंटीच्या मुदतीवर अवलंबून नसतं.

एक किंवा दोनच मॉड्यूल वाईट निघाले तर तेवढेच बदलता येतात का? पॅक स्क्रू-बोल्टचा असेल तर येतात. नऊ वर्षांपूर्वीचे बहुतेक पॅक तसेच आहेत, हे तुमचं नशीब. अलीकडे सेल थेट पॅकमध्ये बसवतात, मधलं मॉड्यूल गाळतात. बीवायडीची २०२०ची ब्लेड बॅटरी हे त्याचं ठळक उदाहरण. काही रचनांमध्ये सेल कडक फोममध्ये चिकटवलेले असतात आणि पॅक गाडीच्या सांगाड्याचाच भाग असतो. वजन आणि खर्च वाचतो हे खरं, पण एक सेल बिघडला तर तिथे हात घालायला जागाच नाही. माझ्या मते ही दिशा मालकांच्या हिताची नाही. गाडी विकत घेताना रेंज विचारतो तसं ‘हा पॅक उघडता येतो का’ हेही विचारायला हवं.

मॉड्यूल बदलण्यात एक मोठी मेख आहे. जुन्या मॉड्यूलच्या रांगेत कोरं नवं मॉड्यूल घातलं तर त्याची क्षमता जास्त आणि अंतर्गत रोध कमी असतो, त्यामुळे ते बाकीच्यांशी जुळत नाही. बीएमएस गटांचा समतोल राखतं ते अगदी बारीक प्रवाहाने, त्याला एवढी तफावत भरून काढता येत नाही. म्हणून सारख्या वयाचं, सारख्या क्षमतेचं मॉड्यूल शोधायचं, बसवण्याआधी त्याचा व्होल्टेज बाकीच्यांशी तंतोतंत जुळवायचा आणि मग पूर्ण चार्ज-डिस्चार्ज करून बघायचं. सुरुवातीच्या काळात मी एका कुटुंबाच्या गाडीचं फक्त सगळ्यात वाईट मॉड्यूल बदललं. त्याच्या मागचं दुसरं काठावर होतं, अहवालात दिसत होतं, पण चालेल असं धरून मी ते ठेवलं. पाच महिन्यांत गाडी परत आली. पॅक दुसऱ्यांदा उतरवण्याचा त्रास आणि खर्च त्यांना माझ्या त्या निर्णयामुळे झाला. तेव्हापासून सर्वात कमजोर मॉड्यूलबरोबर त्याच्या जवळ पोचलेलेही बदलायचे हा माझा नियम आहे, आणि दुरुस्ती करणाऱ्याला तुम्ही हे विचाराच: ‘यानंतरचा कमजोर गट कोणता, आणि तो का ठेवताय?’ समाधानकारक उत्तर नसेल तर तिथे गाडी देऊ नका.

दुरुस्ती जमत नसेल तर अपघातात गेलेल्या गाडीतला वापरलेला पॅक हा मधला मार्ग आहे. त्याचा शिल्लक क्षमतेचा आकडा, किलोमीटर आणि गाडीचं वर्ष लेखी घ्या. पॅक पुराच्या पाण्यातून आलेला नाही याची खात्री करा आणि तुमच्या गाडीचं सॉफ्टवेअर तो स्वीकारतं का ते पैसे देण्याआधी तपासा. जुना पॅक फुकट सोडू नका. थकलेल्या पॅकमध्येही पुष्कळ क्षमता उरते, घर किंवा सौरऊर्जेच्या साठवणीला ती चालते. ॲम्स्टरडॅमच्या योहान क्रुइफ अरेना या स्टेडियममध्ये २०१८पासून वीज साठवायला लीफच्या १४८ बॅटऱ्यांएवढी यंत्रणा आहे, आणि त्यात वापरलेल्या बॅटऱ्याही आहेत. दुरुस्त न होणाऱ्या पॅकमधूनही निकेल, कोबाल्ट, तांबं परत मिळवतात. म्हणून नव्या पॅकच्या बिलातून जुन्याची किंमत वजा करायला सांगा.

पॅक खरोखर सोडून द्यावा अशी वेळ कधी येते तेही सांगते. आतमध्ये कूलंट, म्हणजे पॅक थंड ठेवणारा द्रव, गळून सेलपर्यंत पोचला असेल, पाणी शिरलं असेल, खालून मार बसून सेल चेपले असतील, किंवा कमजोर गट एका जागी नसून पॅकभर विखुरलेले असतील, तर मी दुरुस्तीला नकार देते. शेवटच्या प्रकारात आज एक बदलला की उद्या दुसरा जातो. उष्ण प्रदेशात, कूलिंग नसलेल्या पॅकच्या बाबतीत हे जास्त दिसतं. २०१२मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या उन्हात लीफच्या बॅटऱ्या अपेक्षेपेक्षा लवकर थकल्या होत्या, आणि त्यानंतर निस्सानने क्षमतेसाठी वेगळी वॉरंटी दिली, हे त्याचंच उदाहरण.

नियमही हळूहळू मालकाच्या बाजूने येत आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत २०२२मध्ये ठरलेला जागतिक तांत्रिक नियम क्रमांक २२ सांगतो, की पाच वर्षं किंवा १ लाख किलोमीटरपर्यंत किमान ८० टक्के आणि आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत किमान ७० टक्के क्षमता टिकली पाहिजे. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२७पासून गाड्यांच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट सक्तीचा होतो आहे. तुमच्या जुन्या गाडीला यातलं काही लागू पडणार नाही, पण पुढची गाडी घेताना उपयोगी पडेल.

हे सगळं कुशल माणसाकडून करून घ्या. व्हिडिओ बघून स्वतः पॅक उघडायला जाऊ नका. आत ३५० ते ४०० व्होल्टचा डीसी असतो आणि पॅकचा प्रवाह तोडणारा सर्व्हिस प्लग काढला तरी मॉड्यूलमधली वीज तिथेच राहते. माझ्या कामात मी १,००० व्होल्टचे हातमोजे घालते आणि एकटीने कधीच पॅक उघडत नाही.

अहवाल येईपर्यंत गाडी वापरावी लागणार असेल तर चार्ज ३० ते ७० टक्क्यांच्या मधे ठेवा, फास्ट चार्जिंग बंद करा, चढावर पाय हलका ठेवा. त्या एका कमजोर गटाला रिकामं होऊ न देणं एवढाच यामागचा हेतू आहे. इन्सुलेशनचा इशारा आला, गोडसर वास आला किंवा गाडी उभी असताना खालून उष्णता जाणवली, तर मात्र चार्जिंगला लावू नका. गाडी घरापासून आणि इतर गाड्यांपासून लांब, मोकळ्या जागेत उभी करा आणि उचलून न्यायला सांगा. सेलगटांचे आकडे हातात आले की तिन्ही वेळचे पाठवा, त्यातला सगळ्यात खालचा गट आणि त्याच्या शेजारचे दोन बघून दुरुस्ती करण्यासारखी आहे की नाही ते मी सांगते.